घड्याळ लॉकरमध्ये, पुस्तक रद्दीत

साहसकथा वाचून डायव्ह वॉच घ्यावंसं वाटणं हा पोरकटपणा आहे, असं ज्यांचं मत आहे त्यांच्याशी आज माझं भांडण आहे. आणि ज्यांनी तशी आठ-दहा घड्याळं घेऊन, त्यांच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढता बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून दिली आहेत, त्यांच्याशी तर त्याहून मोठं भांडण आहे. पहिल्या गटात आमचे निम्मे नातेवाईक येतात आणि दुसऱ्यात निम्मे मित्र. म्हणजे हे लिहून झाल्यावर मला चहाला कोण बोलावणार हा प्रश्नच आहे. असो.

निमित्त असं झालं की माझा भाचा (वय वर्षे सतरा) सध्या क्लाइव्ह कसलरच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडतोय आणि त्याला आता नारिंगी डायलचं घड्याळ हवंय. आमचे भावोजी म्हणाले, "आधी पोहायला शीक. आणि वेळ मोबाइलमध्ये दिसत नाही का?" घड्याळं जमवणारा माझा एक मित्र म्हणाला, "घेऊ दे की, पण जुनं घे म्हणावं. आणि वापरू नको म्हणावं, किंमत पडते." दोघांपैकी एकानेही त्या पोराला विचारलं नाही की बाबा रे, पुस्तकात असं आहे तरी काय? म्हणून हा सगळा प्रपंच.

ज्यांनी कसलर वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्याच्या नायकाचं नाव डर्क पिट. 'नुमा' नावाच्या एका काल्पनिक अमेरिकन सरकारी संस्थेत तो नोकरीला असतो, बुडालेली जहाजं शोधतो, आणि दर पाच-पन्नास पानांनी कोणीतरी त्यालाच बुडवायला बघतं. पिटची पहिली प्रसिद्ध झालेली कादंबरी म्हणजे 'द मेडिटरेनियन केपर', १९७३ सालची. या पिटच्या मनगटावर डॉक्सा या स्विस कंपनीचं नारिंगी डायलचं घड्याळ असतं. ते तिथे आलं कुठून? कसलर लेखक म्हणून नावारूपाला येण्याआधी कॅलिफोर्नियात पाणबुड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानात काम करत होता. तिथेच हे घड्याळ त्याच्याकडे आलं, आणि त्याने आपलंच घड्याळ नायकाला घालायला दिलं. एवढी साधी गोष्ट आहे.

नारिंगी का, तर गढूळ पाण्यात तो रंग चटकन डोळ्यांत भरतो. (फार खोलवर गेल्यावर तोही फिका पडतो, कारण पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी गिळून टाकतं. पण बहुतेक पाणबुडे तेवढं खोल जातच नाहीत.) डॉक्साने १९६७ मध्ये हे 'सब ३००' बाजारात आणलं तेव्हा त्याच्या काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर, म्हणजे बेझलवर, अमेरिकन नौदलाच्या तक्त्यातले आकडे कोरलेले होते. बाहेर खोली फुटांत, आत मिनिटं. ६० फुटांवर ६० मिनिटं, १०० फुटांवर २५, १३० फुटांवर फक्त १०. तेवढ्या वेळात वर आलात तर थेट वर येता येतं. जास्त थांबलात तर रक्तात आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबत थांबत यावं लागतं. न थांबता आलात, तर सोड्याची बाटली उघडल्यावर जे होतं ते शरीराच्या आत होतं.

आता त्या कड्याची गंमत बघा. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा जिथे असेल तो आकडा म्हणजे पाण्याखाली गेलेली मिनिटं. आजच्या डायव्ह वॉचचं कडं एकाच बाजूला फिरतं, घड्याळाच्या उलट दिशेने. का? कुठे आपटून ते चुकून सरकलंच, तर झालेला वेळ जास्त दाखवावा, कमी नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल, पण उशिरा नाही. घरातली किती यंत्रं अशी आहेत सांगा, जी बिघडताना मालकाच्या जिवाचा विचार करतात?

कादंबरीने वाचकाला जे दिलं ते हे. पाण्याखालच्या साहसकथेत निम्मा थरार हा निव्वळ वजाबाकीचा असतो. हवा किती उरली, खोली किती, वेळ किती. खलनायकाशी वाटाघाटी करता येतात, वजाबाकीशी करता येत नाहीत. घड्याळ तिथे दागिना म्हणून येत नाही, गोष्टीतलं एक पात्र म्हणून येतं. सतरा वर्षांच्या मुलाला तास-दीड तासाच्या हिशोबाची भीती आणि ओढ एकदम वाटली, तर त्यात पोरकट काय आहे? दहावीपासून "वेळेचं महत्त्व" या विषयावर आपण त्याला निबंध लिहायला लावतोय. त्या निबंधांनी जे झालं नाही ते एका बेझलने केलं, तर तक्रार कसली?

भावोजींच्या मुद्द्यांना आता उत्तर देतो. पहिला मुद्दा, आजकाल पाणबुडे मनगटावर डायव्ह कॉम्प्युटर बांधतात, घड्याळाची गरज उरलेली नाही. मान्य. १९८३ पासून असे कॉम्प्युटर बाजारात आहेत आणि घड्याळापेक्षा ते चांगलं काम करतात. घड्याळ आता जोडीला, कॉम्प्युटर बंद पडला तर असावं म्हणून. दुसरा मुद्दा, ३०० मीटरचं घड्याळ घेऊन करणार काय? हेही मान्य. हौशी पाणबुड्याची मर्यादा ४० मीटर मानतात, नवशिक्याची १८. पाठीवर टाकी लावून सर्वात खोल जाण्याचा विक्रम इजिप्तच्या अहमद गब्रने २०१४ मध्ये केला, ३३२ मीटर. खाली जायला त्याला जेमतेम पाव तास लागला आणि वर यायला तेरा तासांहून जास्त. तेव्हा आपल्यातलं कोणी तिथे जाणार नाही हे उघड आहे.

पण मग हाच नियम सगळीकडे लावा ना! ज्या गाड्या डोंगर चढायला बनवल्या त्यांतून आपण मंडईत भाजी आणायला जातो. मोबाइलची सगळी ताकद 'सुप्रभात'चे फोटो पुढे पाठवण्यात जाते. तेव्हा गरज आठवत नाही. गरज फक्त पुस्तकातून आलेल्या इच्छेलाच विचारली जाते. जाहिरात बघून घेतलेली वस्तू 'व्यवहार', आणि गोष्ट वाचून मागितलेली वस्तू 'खूळ'. हा उफराटा न्याय मला मान्य नाही.

आणि पुस्तकातून समुद्राची ओढ लागणं ही काही आजची किंवा परदेशी गोष्ट नाही. ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला तो भा. रा. भागवतांनी. (हो, फास्टर फेणेवालेच.) त्यातला कॅप्टन नेमो हा मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, हे व्हर्नने १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या 'द मिस्टिरियस आयलंड'मध्ये उघड केलं. समुद्र फक्त गिरगाव चौपाटीवर बघितलेली मुलं नेमोबरोबर तळाशी जाऊन आली, तेव्हा त्यांच्या आईवडिलांनी "आधी पोहायला शीक" असं म्हटलं असेलही. पण पुस्तक हातातून काढून घेतलं नाही. काही मुलं पुढे खरंच पोहायला शिकली. ओढ आधी आणि कौशल्य मागाहून, हाच क्रम असतो. उलटा क्रम फक्त शाळेच्या वेळापत्रकात असतो.

इथवर संग्राहक मित्र मान डोलावत असतील. त्यांनी आता जरा सावरून बसावं.

तुम्ही ज्या पुस्तकांची नावं घेऊन घड्याळं घेता, ती पुन्हा एकदा वाचा. इयान फ्लेमिंगच्या १९६३ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये बाँड आपल्या रोलेक्सचं काय करतो? पट्टा मुठीवर चढवून पहारेकऱ्याला ठोसा मारतो. घड्याळ मोडतं. पुढे तो नवीन घेतो, आणि त्याचे पैसे सरकारकडून मिळतील का याचा विचार करतो. बाँडला घड्याळाची पुढची किंमत, मूळ खोका, वॉरंटी कार्ड यांची काळजी पडलेली नाही. तुम्ही मात्र त्याच नावावर घड्याळ घेता आणि काचेला बोट लागलं की मऊ फडकं शोधता. मग वाचलं काय तुम्ही? नुसतं कंपनीचं नाव?

कंपन्यांनाही हे कळलेलं आहे. बाँडचं घड्याळ सिनेमात १९९५ पासून ओमेगा झालं. गोष्ट बदलली म्हणून नाही, करार बदलला म्हणून. कसलर २०२० मध्ये गेला. त्यानंतर डॉक्साने त्याच्या नावाचं 'सब ३००टी' काढलं, आणि त्याचं स्टील कारखान्यातच जुनं, झिजलेलं दिसेल असं केलेलं आहे. म्हणजे चरे आयते! पिटला जे मिळवायला दर पुस्तकात जीव धोक्यात घालावा लागायचा, ते आता खोक्यातून काढलं की मिळतं. मला यात घड्याळ बनवणाऱ्यांचा राग येत नाही, ते धंदा करतात. राग येतो तो अशा आयत्या चऱ्यांनाही पुन्हा प्लॅस्टिक लावून ठेवणाऱ्यांचा.

"पण आम्ही जपतो," असं ते म्हणतील. अहो, जपत नाही, मारता. डायव्ह वॉचचं पाणी अडवतं ते मागच्या झाकणाखालचं आणि चावीतलं रबराचं गॅस्केट. ते वापरलं नाही तरी वर्षागणिक कडक होतं, चिरतं. आतलं तेल सुकतं. दहा वर्षं लॉकरमध्ये पडलेलं, डायलवर ३०० मीटर लिहिलेलं घड्याळ थेट बादलीत बुडवायलाही मी धजणार नाही. आधी गॅस्केट बदलून, प्रेशर टेस्ट करून घ्यावी लागेल. डायलवरचा आकडा तसाच राहतो, त्यामागची क्षमता राहत नाही. तुमच्या संग्रहात आठ डायव्ह वॉच नाहीत, डायव्ह वॉचची आठ छायाचित्रं आहेत, फक्त जरा जड.

"जुनं घे" या सल्ल्याबद्दलही दोन शब्द. जुन्या स्वस्त घड्याळांच्या बाजारात 'मुंबई स्पेशल' असा एक शब्द जगभरचे संग्राहक नाक मुरडून वापरतात. रंगवलेलं नवं डायल, इथला काटा, तिथली काच, असं जुळवलेलं घड्याळ म्हणजे मुंबई स्पेशल. मूळचं म्हणून कोणी विकलं तर ती फसवणूकच, त्यात वाद नाही. शिवाय असलं घड्याळ घालून पाण्यात उतरणं म्हणजे स्वतःच्या पैशांनी पाणी भरून घेणं. सतरा वर्षांच्या मुलाला या बाजारात पाठवणारा मित्र त्याचं भलं बघत नाही, स्वतःचा छंद बघतो.

मग घ्यावं काय? या घड्याळांचा इतिहास श्रीमंतांचाच आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सोव्हिएत रशियातलं व्होस्तोक अँफिबिया १९६७ चंच, म्हणजे डॉक्साच्याच वयाचं. त्याची रचना अशी की बाहेरच्या पाण्याचा दाब जितका वाढेल तितकं झाकण आणि काच आपल्या जागी घट्ट बसतात. महागडी बारीक कारागिरी परवडत नव्हती, म्हणून त्यांनी समुद्रालाच कामाला लावलं! आज कॅसिओचं २०० मीटर लिहिलेलं साधं क्वार्ट्झ घड्याळ काही हजारांत मिळतं. पाणबुड्यांच्या घड्याळासाठीचा आयएसओ ६४२५ चा शिक्का त्यावर नाही, पण पोहायच्या तलावाला आणि मुंबईच्या पावसाला ते पुरून उरतं. कडं फिरतं. वजाबाकी तीच.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. कसलरने कादंबऱ्यांतून नाव-पैसा मिळवल्यावर काय केलं? त्याने १९७९ मध्ये 'नुमा' याच नावाची खरी संस्था काढली आणि खरी बुडालेली जहाजं शोधायला निघाला. १९९५ मध्ये त्याच्या लोकांना अमेरिकेतल्या चार्ल्सटनजवळ 'हनली' सापडली. शत्रूचं जहाज बुडवणारी जगातली पहिली पाणबुडी. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री तिने 'हूसाटॉनिक' बुडवलं आणि आठ माणसांसकट स्वतःही परत आली नाही. २००० मध्ये ती वर काढली. आतल्या गाळात तिचा कप्तान जॉर्ज डिक्सन याचं खिशातलं सोन्याचं घड्याळ मिळालं, काटे थांबलेलं.

त्या घड्याळाला फिरतं कडं नव्हतं, पाण्यापासून बचाव नव्हता. हवा किती मिनिटं पुरेल हे ते सांगू शकत नव्हतं. पण ते डिक्सनच्या अंगावर होतं, कामावर होतं. संग्रहालयात ठेवायचा हक्क त्याने तसा मिळवला. आणि ते सापडलं कारण एका माणसाने आपल्याच गोष्टीवर विश्वास ठेवून पाण्यात माणसं उतरवली. यालाच कोणी खूळ म्हणत असेल तर ते खूळ आमच्या भाच्याला जरूर लागो.

त्याला मी सांगितलंय, पोहण्याच्या क्लासचा पहिला महिना पूर्ण कर, कॅसिओचं घड्याळ मामाकडून. नारिंगी डॉक्सा स्वतःच्या कमाईतून, आणि पहिला चरा पडल्यावर मला फोन कर. भावोजी, क्लासची फी तेवढी तुमच्याकडे. आणि लॉकरवाल्या मित्रांनो, उद्या बँक उघडली की एक तरी बाहेर काढा. घड्याळजीकडून गॅस्केट बदलून घ्या आणि घाला. जमलं तर ते पुस्तकही रद्दीतून परत आणा.