घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

मामूंच्या घोरण्यावर आमच्या घरात वर्षानुवर्षे थट्टा चालत असे. लग्नकार्यात त्यांना वेगळी खोली द्यायची, हे ठरलेलेच. दिवसभर टेम्पो चालवून दमतात, पडल्या पडल्या गाढ झोपतात, नशीबवान माणूस, असे आम्हीही म्हणालो आहोत. मुमानी तेवढ्या हसत नसत. एकदा म्हणाल्या, "घोरते तब तक अच्छा लगता, आवाज बंद हुआ की डर लगता."

तो आवाज बंद होणे हाच आजार होता. डॉक्टर त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बुजते. छाती ओढ घेत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, माणूस हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो आणि पुन्हा घोरू लागतो. श्वास निदान 10 सेकंद अडला की ती एक वेळ धरतात. तासाला 30 पेक्षा जास्त वेळा असे झाले तर आजार तीव्र. सकाळी झोपणाऱ्याला यातले काही आठवत नाही.

मामूंच्या बाबतीत आम्ही दोन वर्षे चुकलो. कुणाकडे किती रवे गूळ उतरवायचा ते विसरू लागले, नातवंडांवर खेकसू लागले, जुम्म्याच्या खुत्ब्यात मान खाली पडू लागली. आम्ही म्हणालो, वय झाले. मग एके दिवशी मार्केट यार्डातून गूळ भरून निघाले आणि भर दुपारी टेम्पो उसात गेला. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह.

हा विसराळूपणा आणि चिडचिड स्वभावातून येत नाही. मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जोडीने काम करतात, त्यांची जाळी असतात. आपण स्वस्थ बसतो तेव्हा एक जाळे चालते. हिशेब करताना, गाडी हाकताना ते मागे सरून लक्ष देणारे जाळे पुढे यावे लागते. शाळेत घंटा झाली की एक शिक्षक बाहेर पडतो, दुसरा वर्गात येतो, तसे. स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांचे एमआरआय करून पाहिले तेव्हा या जाळ्यांचा आपसातला मेळ जागोजागी बिघडलेला दिसला. आठवण साठवणारा भाग आणि कपाळामागचा, निर्णय घेणारा भाग यांना झळ पोहोचलेली दिसली. ऑक्सिजनची चढउतार आणि तुकड्यातुकड्यांची झोप, दोन्हींचा मार बसतो.

दिलासा असा की हे सगळे कायमचे नसते. इटलीत मिलानच्या संशोधकांनी 17 रुग्णांना तीन महिने नीट उपचार दिले. त्यांची स्मरणशक्ती आणि लक्ष सुधारले, मेंदूच्या काही भागांतील घटही भरून निघताना दिसली. हा निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाला. रुग्ण थोडे होते, हे खरे. तरी आमच्यासारख्यांना तेवढाही आधार पुरतो.

संगीतकार बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 रोजी मुंबईत वारले, तेव्हा रुग्णालयाने याच आजाराचे नाव घेतले होते. त्याआधी बहुतेकांनी ते ऐकलेही नव्हते. पण तो दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास 2004 साली मांडला. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण 19.5 टक्के आणि दिवसा झोप येण्याच्या तक्रारीसह पुरता आजार 7.5 टक्के निघाला.

तो अभ्यास पुरुषांचा होता. आपल्या घरांत बाईचे घोरणे लपवले जाते, सासूचे तर कुणी बोलतच नाही. मासिक पाळी गेल्यावर बायकांतही हा आजार वाढतो. भगिनींनो, सकाळी डोके जड, तोंड कोरडे, रात्री लघवीला वारंवार उठणे, दिवसा पेंग, यांतले काही असेल तर डॉक्टरांना घोरण्याचेही सांगा. मनाने झोपेची गोळी घेऊ नका, घसा आणखी सैल पडू शकतो. मूल तोंड उघडे टाकून घोरत असेल, वर्गात लक्ष लागत नसेल, तर त्याचे टॉन्सिल तपासून घ्या. अशा मुलांना 'आळशी' म्हणून आम्ही शिक्षकांनी पुष्कळ छळले आहे.

तपासणीत एक रात्र अंगाला तारा लावून झोपायचे असते. काही ठिकाणी यंत्र घरीही देतात. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे याने काहींना बरे वाटते. त्रास जास्त असेल तर सीपॅप यंत्र देतात. ते मुखवट्यातून दाबाने हवा सोडते आणि वाट उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली ते जगापुढे आणले.

मामूंनी पहिल्या आठवड्यातच ते कपाटावर ठेवून दिले. नाकाला काचते, गुदमरल्यासारखे होते, म्हणाले. मुमानींनी त्यांना घेऊन पुन्हा दवाखाना गाठला, मुखवटा बदलून आणला. आता मामू रोज तो लावून झोपतात. सुरुवातीला त्या शांततेने मुमानींचीच झोप उडाली होती. रात्री उठून त्या मामूंच्या छातीवर हात ठेवून पाहत.