गिअरबॉक्स बोल्टने ओढू नका

पाऊस ओसरला की कळवा-खारेगावच्या गॅरेजवाल्यांना ठरावीक फोन येतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी होतं, गाडी बंद पडली, दोन-तीनदा स्टार्टर मारला आणि आतून ‘खट्’ आवाज आला. पुढचं आपल्याला फोनवरच कळतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलमध्ये दाब जास्त, म्हणून कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर. नवीन इंजिन परवडत नाही. मग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनं आणायचं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्येच बसवायचं. गॅरेज दहा बाय बाराचं असलेल्या माणसाला दुसरा इलाज तरी काय? घरी जाऊन काम करण्याला आमचा विरोध नाही. आमचं भांडण त्यातल्या घाईशी आहे.

फियाटच्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट डिझेलचंच घ्या. स्विफ्टमध्ये ते, इंडिका व्हिस्टात ते, पुंटोतही तेच. ‘नॅशनल इंजिन’ म्हणून आपण त्याची थट्टा केली. मारुतीने ते मानेसरला बनवलं, टाटा-फियाटसाठी ते पुण्याजवळच्या रांजणगावात बनलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि भारतातल्या गाड्यांसाठी ते थांबलं. त्यामुळे आता जे मिळतं ते दुसऱ्या गाडीतून उतरवलेलंच. ‘सगळी सारखीच’ हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. ७५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा टर्बो साधा, ९० वाल्याचा व्हेरिएबल. माउंटिंग, वायरिंग, ईसीएम गाडीगणिक वेगळं. उतरवलेलं जुनं इंजिन शेजारी ठेवून एकेक सेन्सर आणि ब्रॅकेट जुळवून पाहा. ईसीएम मूळ गाडीचाच ठेवा, नाहीतर इमोबिलायझर चावी ओळखणार नाही आणि रात्री अकरा वाजता ग्राहकाची बायको वरच्या गॅलरीतून विचारेल, ‘झालं का हो?’

आता जोडणी. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून दीडशे किलोच्या पुढे जातात. चेन-कुप्पी स्टिल्टच्या बीमला अडकवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. भाड्याने क्रेन आणा. पेव्हर ब्लॉकवर घोडे ठेवताना खाली जाड फळी टाका, नुसत्या ब्लॉकवर पाय रुततो.

जागा असेल तर दोन्ही जमिनीवरच जोडा आणि मग एकत्र चढवा. क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टने मधोमध धरून प्रेशर प्लेट आवळा. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती हे पुसून, वाचून पाहा. डोकी कापलेले दोन लांब बोल्ट गाइड म्हणून लावले की गिअरबॉक्स सरळ रेषेत सरकतो. सरकतो, सरकतो आणि बोटभर फट ठेवून थांबतो. इथेच सगळं बिघडतं. दोन बोल्ट घालून गोटी पान्याने ओढायचा मोह होतो, कारण बोल्ट आत जाताना दिसतो आणि फटही मिटते. ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगचा कान मात्र तिथेच तडकतो, किंवा क्लच प्लेटची हब वाकते आणि आठवड्याने क्लच थरथरतो. फट राहिली म्हणजे कुठेतरी काही तरी अडलंय: प्लेट मधोमध नाही, खाचा जुळल्या नाहीत, डॉवेल वाकडा आहे, वायर मध्ये सापडली आहे. गिअर टाका आणि क्रँक पुलीचा बोल्ट हळूच फिरवा. नाही गेला तर खाली उतरवा. गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नका. हाताने ढकलून तोंडाला तोंड लागलं, तरच बोल्टला हात लावायचा.

गाडी सुरू झाली की आपण पैसे घेतो आणि निघतो. पण आरसीवर जुन्या इंजिनाचा नंबर तसाच राहतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात असा बदल १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचा आहे. कळव्याच्या गाडीसाठी ते कार्यालय ठाण्याचं, एमएच ०४. परवानगी आधीच घेतली तर उत्तम. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. म्हणजे पेट्रोलच्या गाडीत भलतंच डिझेल बसवून देणारा मेकॅनिक ग्राहकाला अडकवतोच, स्वतःही अडकतो. विमा कंपनीही नंबर पाहते, तोही अपघातानंतर.

यासाठी सहकाऱ्यांना एकच विनंती. भंगारवाल्याला पैसे देण्यापूर्वी ब्लॉकवरचा नंबर पुसून त्याचा फोटो काढा, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि पक्कं बिल मागा. नंबर घासलेला दिसला तर इंजिन कितीही स्वस्त असो, तिथेच सोडून या.