उतारावर इंजिन सोडू नका

सभासद बंधूंनो, उसाने भरलेले ट्रॅक्टर ओढ्याच्या उतारावर न्यूट्रल करून सोडलेले आम्ही हंगामात रोज पाहतो. डिझेल वाचते म्हणे! उलट गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर पंप डिझेल जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र ते थोडेथोडे जळतच राहते.

उतारावर बैल अंग मागे टाकून गाडी तोलून धरतात. गिअरमधले इंजिन तेच करते. चाकांना इंजिन फिरवावे लागते, त्यात गाडीचा जोर जिरतो. न्यूट्रल केले किंवा क्लच दाबून धरला की बैल सुटले! सगळा भार ब्रेकवर. ते तापतात, पकड सोडतात. मागच्या ट्रॉल्यांना तर बहुधा ब्रेकच नसतात. त्या ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, कधी आडवा घालतात.

चढाला जो गिअर लागतो तोच उताराला, आणि तोही उतार लागण्याआधीच टाकावा. रस्त्यावर ब्रेकची दोन्ही पेडले एकत्र जोडून घ्यावीत, नाहीतर एकच चाक धरते.

दोष एकट्या ड्रायव्हरचा नव्हे. खेपांची घाई आपणच लावतो ना? बिनब्रेकच्या ट्रॉलीचा वाहतूक करार कारखान्याने करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. संचालक मंडळाने पुढील हंगामाचे करार होण्यापूर्वीच हा निर्णय घ्यावा.