वीजबिलातला घसारा

वार्षिक सभेत ताळेबंदातला घसाऱ्याचा आकडा वाचला की मंडपात कुजबुज सुरू होते. 'पैसे कुणाला दिलेच नाहीत, मग हा खर्च कसला?' विचारणं रास्तच आहे. मिल, बॉयलर, टर्बाइन दर हंगामाला झिजतात. त्या झिजेची किंमत त्या त्या हंगामाच्या उत्पन्नातून बाजूला काढायची, एवढाच त्याचा अर्थ. इथं जाब विचारायला निदान आपली सभा तरी आहे.

वीज कंपनीचा घसारा मात्र दरात धरला जातो आणि बिलातून आपल्याकडूनच वसूल होतो. कंपनीनं तो वाटेल तसा लावू नये म्हणून नियामक आयोग त्याचे नियम ठरवतात. केंद्रीय आयोगाच्या २००९ च्या नियमांत कोळशावरच्या वीजकेंद्राचं आयुष्य २५ वर्षं धरलं होतं. मोडीचे १० टक्के सोडून किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच घसारा. पण यंत्रसामग्रीवर पहिली १२ वर्षं दरसाल ५.२८ टक्के, म्हणजे ६३ टक्क्यांहून जास्त. उरलेले सत्तावीसेक टक्के पुढच्या १३ वर्षांत. का? तर कर्जाचे हप्ते त्यातून फिटावेत म्हणून. कारखानदारीत कर्ज कुणाला चुकलंय, तेव्हा त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण बारा वर्षांनी घसारा निम्म्याहून खाली येतो, तो दरातही उतरलेला दिसला पाहिजे.

सभासदांच्या दृष्टीनं दुसरी गोष्ट जास्त जिव्हाळ्याची. जी लाइन, जी डीपी ग्राहकाच्या पैशातून किंवा सरकारी अनुदानातून उभी राहिली, तिच्या तेवढ्या रकमेवर घसारा दरात धरता येत नाही. आपल्या राज्य आयोगाचे नियमही तेच सांगतात. नाहीतर एकाच बैलाची किंमत दोनदा मोजल्यासारखं होईल. आपल्या भागात वर्गणी काढून डीपी बसवून घेतलेले शेतकरी थोडे नाहीत. ती रक्कम कंपनीच्या हिशेबात ग्राहकांच्या खाती दिसते की नाही, हे कुणी पाहिलंय?

२००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग आदेश देतो. आपण हरकत घेतो ती सरसकट दरवाढीवर. घसाऱ्याच्या तक्त्यावर बोट कुणी ठेवत नाही. तेव्हा पुढच्या अर्जाच्या वेळी संचालक मंडळानं कारखान्याच्या हिशेबनिसांना ते तक्ते तपासायला बसवावं आणि हरकत लेखी द्यावी. ज्या सभासदांनी स्वखर्चानं डीपी बसवली, त्यांनी पावत्यांच्या नकला गट कार्यालयात आणून द्याव्यात. मूळ पावती मात्र घरीच ठेवावी.