‘निग्लिजन्स’ म्हणजे न उचललेले

पेशंट दगावला की नातेवाईक ‘निग्लिजन्स झाला’ म्हणत येतात. कोर्टकचेरीत रुळलेला हा इंग्रजी शब्द मूळचा लॅटिन. ‘नेक्’ म्हणजे नाही, ‘लेगेरे’ म्हणजे वेचणे, उचलणे. ‘लेगेरे’चा दुसरा अर्थ वाचणे! केसपेपरवर पेनिसिलिनची ॲलर्जी लाल शाईत लिहिलेली असते आणि इंजेक्शन देणारा तो वाचतच नाही, तेव्हा दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. माझ्याही हातून एकदा असे होणार होते. सिस्टरने हात धरला म्हणून निभावले.

आपला ‘निष्काळजीपणा’ डॉक्टरच्या मनावर बोट ठेवतो. मला लॅटिन शब्द अधिक नेमका वाटतो. त्या दिवशी मला काळजी नव्हती असे नाही. कागद तेवढा पाहिला नव्हता.

रोगी बरा झाला नाही एवढ्यावरून निग्लिजन्स ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा नेमके काय पाहायचे राहिले, ते कागदांतच शोधावे लागते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते मिळायला हवेत. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. काचा फोडून कागद मिळत नाहीत.