रॅनिटिडिन यादीतून वगळली. मग पित्ताची गोळी कोणती घ्यायची?

“डॉक्टर, त्या गोळीनं कॅन्सर होतो म्हणतात, खरं का?” बोरी आणि आसपासच्या गावांतले रुग्ण रॅनिटिडिनबद्दल अजूनही हे विचारतात. रॅनटॅक, ॲसिलॉक, झिनेटॅक अशा नावांनी ही गोळी वर्षानुवर्षे घराघरांत आहे. त्यामुळे बातमीत खरे किती, हे समजून घेऊ.

नेमके काय झाले?

सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितले की, रॅनिटिडिनच्या काही गोळ्यांत एनडीएमए नावाचा घटक सापडला आहे. हा घटक माणसात कर्करोग घडवू शकतो असे मानले जाते. एप्रिल २०२० मध्ये तिथे ही गोळी बाजारातून काढून घ्यायला सांगण्यात आले. भारतात सप्टेंबर २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ती वगळली गेली.

यादीतून वगळणे म्हणजे बंदी नव्हे. म्हणूनच ती मेडिकलवर दिसत राहिली. पूर्वी काही दिवस घेतली असेल तर घाबरू नका. त्यासाठी वेगळ्या तपासण्या करायची गरज नाही. मात्र एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. गोळी जास्त तापमानात आणि जास्त काळ राहिली की हा घटक वाढतो, असे तपासणीत दिसले. परभणी जिल्ह्यातला मे महिना आणि पत्र्याखालची खोली आठवा. घरात जुनी पाकिटे पडली असतील तर ती वापरू नका. रोज घेत असाल तर पर्याय डॉक्टरांना विचारा.

मग पॅन्टोप्राझोल रोज घ्यायची का?

खरी अडचण इथे आहे. लोकांनी एक गोळी सोडली आणि दुसरी कायमची धरली. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही चांगली औषधे आहेत. अल्सर असेल किंवा अन्ननलिकेला सूज असेल तर ती लागतातच. पण बहुतेकांना चार ते आठ आठवडे पुरतात. विनाकारण वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. २०१९ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा इशारा छापायला सांगितले होते.

ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवणानंतर घेतली तर तिचा गुण कमी येतो. बरेच महिने घेऊन एकदम बंद केली तर काही दिवस जळजळ उलट वाढते आणि रुग्णाला वाटते, गोळीशिवाय जमतच नाही. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. हृदयरोगासाठी ॲस्पिरिन चालू असेल किंवा पूर्वी अल्सर झाला असेल तर स्वतःहून बंद करू नका.

पित्त का होते ते आधी शोधा

जठरातले आम्ल हे अन्न पचवण्यासाठीच असते. ते वर अन्ननलिकेत आले की छातीत जळजळ, आंबट ढेकर होतात. जठराचे आतले अस्तर दुखावले की पोटाच्या वरच्या भागात दुखते.

आपल्याकडे याची कारणे ठरलेली दिसतात: तंबाखू, दारू, उपाशीपोटी चहावर चहा, रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणे. आणखी एक कारण रुग्ण सांगतच नाहीत. ते म्हणजे अंगदुखी-कंबरदुखीची गोळी. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराला जखम करू शकतात. दिवसभर कापूस वेचून रात्री अशी गोळी, सकाळी पित्ताची गोळी, हे चक्र चालू असेल तर आधी पहिली गोळी थांबवण्याचा विचार हवा. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळेही अल्सर होतो. त्यावर ठरावीक दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स असतो; नुसती पित्ताची गोळी पुरत नाही.

घरी थांबू नका, जर

- गिळताना अन्न अडकते
- रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी शौच होते (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तरी डॉक्टरांना सांगा)
- वजन घटते, रक्त कमी झाले आहे किंवा उलट्या थांबत नाहीत
- पन्नाशीनंतर हा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला आहे

अशा वेळी दुर्बिणीने जठर तपासावे लागू शकते. ही तपासणी टाळू नका.

छातीत दडपण, दरदरून घाम, दम लागणे, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर “गॅस झाला” म्हणून सोडा पिऊन झोपू नका. हृदयविकाराचा झटका असाच येऊ शकतो, मधुमेह असलेल्यांत तर कधी फक्त मळमळ होते. लगेच १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढून घ्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा, दुखण्याच्या गोळ्यांचीसुद्धा. तुमच्या पित्ताचे कारण बऱ्याचदा त्या पिशवीतच सापडते.