उधारीची खाती ज्या पेटीत, तिची तब्येत कोण पाहणार?

भिवंडी-मालेगावच्या आमच्या व्यापारी बंधूंनी उधारीची खाती कॉम्प्युटरवर नेली. पण ताका घेताना पन्हा नि दोरा तपासणारे आपण त्या पेटीकडे ढुंकूनही पाहत नाही. सुताची रुई पंख्यात साचते, यंत्र तापते, रेंगाळते आणि दुरुस्तीवाला म्हणतो, नवे घ्या! आमचे म्हणणे, आधी दोन फुकट प्रोग्राम चालवून पाहा. ‘एचडब्ल्यू मॉनिटर’ प्रोसेसरची उष्णता सांगतो. ती नुसती रुई झाडूनही पुष्कळदा उतरते. ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हार्ड डिस्कची प्रकृती दाखवतो. निळा रंग ठीक, पिवळा इशारा, लाल खराब. पिवळा दिसताच त्याच दिवशी हिशेबाची नक्कल दुसरीकडे उतरवावी. काही डिस्क तर इशारा न देताच बंद पडतात, तेव्हा निळ्यावरही विसंबू नये. जुम्याच्या सुट्टीआधी दर आठवड्याला नक्कल व्हावीच.